कंपनीतर्फे परदेशात स्वयंसेवेला जायचंय? खानदेशातल्या मुलामुलींसाठी पहिल्यापासून

युगांडाला जायचं ठरलं तेव्हा चोपड्याच्या घरी आजीने एकच विचारलं, “तठे खावाले काय भेटी वं?”

मी म्हटलं, “केळी.”

“केया? मंग ठीक शे,” म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. बाकीच्यांची समजूत काढायला मात्र दीड महिना गेला.

खानदेशातून शिकून पुणे, मुंबई, हैदराबादला नोकरीला लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. कंपनीचा मेल येतो, “परदेशातल्या स्वयंसेवा कार्यक्रमासाठी अर्ज मागवत आहोत,” आणि आपण तो बंद करून टाकतो. हे कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांचं काम, असं मनात येतं. मीही दोन वर्षं तसाच बंद केला होता. आता वाटतं, या कामाला जे लागतं ते आपल्याकडे घरूनच आलेलं असतं. सावडीला, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबायला, गेलेला माणूस दुसऱ्याच्या शेतात काय पेरायचं ते ठरवत नाही. बांधावर उभा राहून विचारतो, आज काय करायचंय? शेत त्याचं, पीक त्याचं, आपण फक्त हात लावायला आलेलो. परदेशातली स्वयंसेवा अशीच असते, आणि जे हे विसरतात ते महिनाभर राबूनही काही मागे ठेवून येत नाहीत.

आधी, हा प्रकार काय असतो

मोठ्या कंपन्या निवडक कर्मचाऱ्यांना दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत दुसऱ्या देशात पाठवतात. तिथल्या एखाद्या संस्थेचं, सहकारी सोसायटीचं, दवाखान्याचं किंवा सरकारी खात्याचं अडलेलं काम सोडवायला मदत करायची. हिशेब, संगणक, माल पुरवठा, विक्री, प्रशिक्षण, ज्याचं जे कौशल्य ते. पगार चालू राहतो आणि प्रवास, मुक्काम, विमा सहसा कंपनी बघते. फायझरने २००३ मध्ये, आयबीएमने २००८ मध्ये, सॅपने २०१२ मध्ये असे कार्यक्रम सुरू केले. आयबीएमच्या पद्धतीत वेगवेगळ्या देशांतल्या आठ ते पंधरा जणांचा गट महिनाभर एका ठिकाणी राहायचा. जाण्याआधी काही आठवडे ऑनलाइन तयारी आणि परतल्यावर पुन्हा पाठपुरावा. पुढे बऱ्याच कंपन्यांनी हाच साचा थोड्याफार फरकाने उचलला.

एक गोष्ट माहीत असलेली बरी. आपल्याकडे कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपन्यांना सामाजिक कामावर खर्च करावा लागतो, पण भारताबाहेर केलेलं काम त्या खर्चात धरता येत नाही. अपवाद फक्त खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. म्हणजे तुम्हाला परदेशी पाठवायचा खर्च कंपनी वेगळ्या खिशातून करते. त्यामुळे जागा थोड्या असतात आणि निवड काटेकोर असते. एकदा नाव आलं नाही म्हणून खट्टू होऊ नका. माझं दुसऱ्या वर्षी आलं.

तुमच्या कंपनीत असं काही नसेल तर संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक विभाग आहे. १९७० पासून चालू आहे आणि मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे. त्यांच्याकडे घरबसल्या ऑनलाइन करायची कामंही निघतात. सुरुवात म्हणून ती उत्तम.

आणि शहरात ऑफिस थाटून “व्हॉलंटियर व्हिसा देतो, तिथे गेल्यावर नोकरी लावतो, दीड लाख भरा” म्हणणाऱ्यांच्या वाऱ्याला उभे राहू नका. स्वयंसेवा आणि नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशी नोकरी लावणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. गावाकडच्या भावंडांनाही हे सांगून ठेवा.

पासपोर्ट आजच काढा

निवड झाल्यावर हातात सहा-सात आठवडेच असतात. पासपोर्टचं कोरं पुस्तक कपाटात दहा वर्षं पडून राहिलं तरी चालेल, पण ऐनवेळी धावाधाव नको. साध्या ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये लागतात. आधीच असेल तर मुदत तपासा. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असली पाहिजे, बरेच देश सहा महिन्यांची मुदत मागतात.

आपल्याकडची खरी अडचण फीची नसते, नावाची असते. दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव “पंडित”, आधारवर “पंडितराव”, रेशनकार्डावर “पंडित आबा”. आईचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक मास्तरांनी आपापलं लिहिलेलं. माझ्या वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला आणि तीन आठवडे गेले. म्हणून सगळे कागद एकदा चटईवर शेजारी शेजारी मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवून बघा. आधार दुरुस्त करणं तुलनेने सोपं, शाळेच्या दाखल्याला वेळ लागतो, म्हणून दाखल्याप्रमाणे बाकीचे कागद करून घ्या.

पत्ता कुठला द्यायचा तेही ठरवा. पुण्यात भाड्याने राहत असाल तर पोलीस पडताळणी तिथे होणार. भाडेकरार आणि घरमालक दोन्ही हाताशी हवेत.

अर्ज लिहिताना

अर्जात हमखास विचारतात की तुम्हाला का जायचं आहे आणि आजवर समाजासाठी काय केलं. “मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे” हे वाक्य निवड करणाऱ्यांनी शेकडो वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी एकच प्रसंग लिहा, नीट तपशिलाने.

कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत होतात ना? दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं हिवाळी शिबिर. त्या शिबिरात आपण शोषखड्डे खणले आणि झाडूही मारला. हे लिहायची लाज वाटते, कारण सगळ्यांनीच केलेलं असतं. पण शिबिरात नेमकं काय अडलं आणि तुम्ही काय केलंत हे कोणीच लिहीत नाही. मी लिहिलं होतं की पाड्यावरच्या बायका आरोग्य तपासणीला येईनात, कारण तपासणीची वेळ आम्ही सकाळी दहाची ठेवली आणि त्या वेळी त्या शेतात असायच्या. आम्ही वेळ संध्याकाळी सहाची केली आणि रांग लागली. एवढंच. मुलाखतीत अर्धा तास याच गोष्टीवर बोलणं झालं.

असा अनुभव नसेल तर आधी घरच्या अंगणात घ्या. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जाऊन या. तिथल्या लोकांनी चैत्राम पवारांच्या पुढाकाराने गावाभोवतीचं उजाड रान पुन्हा उभं केलं. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. किंवा पांझरेच्या काठची फड पद्धत बघा. बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेतांत येतं, सगळं क्षेत्र फडांत वाटलेलं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या. शेकडो वर्षं लोकांनी स्वतःच चालवलेली व्यवस्था. बाहेरून येऊन “तुम्हाला पाणी वापरायला शिकवतो” म्हणणारा माणूस त्या बंधाऱ्यावर कसा दिसेल, याचा विचार करा. तुम्ही जिथे जाणार आहात तिथेही असा एखादा बंधारा असतोच, फक्त तुम्हाला तो अजून दिसलेला नसतो.

घरच्यांना कसं सांगायचं

मुलींसाठी ही पायरी सगळ्यात मोठी, म्हणून वेगळी लिहिते. “आफ्रिका” हा शब्द ऐकला की घरात एकदम शांतता होते. मावशी म्हणते, “लग्नाचं बघायचं सोडून हे काय?” वाद घालू नका, कागद दाखवा. राहण्याची जागा, सोबत कोण, विमा, कंपनीच्या माणसाचा चोवीस तास लागणारा नंबर, परतीचं तिकीट. माझ्या बाबांनी नकाशा मागितला. फोनवर नाही, छापलेला. त्यावर त्यांनी पेनाने गोल केला आणि तो केळीच्या गोदामातल्या भिंतीवर लावला. नंतर भाव विचारायला येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला ते तो दाखवायचे.

फोनची वेळ आधी ठरवून घ्या. युगांडा आणि केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहेत. तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे घरी रात्रीचे साडेआठ, जेवणं झालेली असतात.

लस आणि औषधं

पूर्व आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेच्या बऱ्याच भागांत जाताना पिवळ्या तापाची लस लागते. युगांडाच्या ऑनलाइन व्हिसाच्या अर्जातच तिचा दाखला जोडावा लागतो. ही लस तालुक्याच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमलेल्या केंद्रांतच घ्यावी लागते, आपल्याला सहसा मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. मूळ पासपोर्ट सोबत न्या, कारण दाखल्यावर त्याचा नंबर लिहितात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि आयुष्यभर चालतो. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण किंवा एखादा जुना आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. दाखल्याशिवाय अशा देशातून भारतात परतलात तर विमानतळावरून घरी न सोडता सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. म्हणून लसीच्या दाखल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टच्या आतच ठेवायचं, बॅगेत नाही.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या जाण्याआधी सुरू करायच्या आणि परतल्यावरही चालू ठेवायच्या. कुठली गोळी, त्यावर किती दिवस हे ठरतं, काही आठवडाभर तर काही चार आठवडे. घरी आलो म्हणजे झालं, असं समजून बंद करू नका. आणि तापी-गिरणेत डुंबत वाढलेल्यांनो, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या पाण्यात पाय सोडून बसायचा मोह टाळा. तिथल्या गोगलगायींमुळे बिल्हार्झिया हा आजार कातडीतून शरीरात शिरतो.

कंपनीला हे लेखी विचारा

ही रजा धरणार की कामावर? व्हिसा कुठल्या प्रकारचा आणि त्यावर स्वयंसेवेचं काम करायला परवानगी आहे का? पर्यटक व्हिसावर काम करणं अनेक देशांत बेकायदा आहे, त्यामुळे “तिकडे कोणी विचारत नाही” या उत्तरावर समाधान मानू नका. विम्यात आजारी माणसाला दुसऱ्या शहरात किंवा देशात हलवायचा खर्च धरला आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, यजमान संस्थेने हे काम स्वतः मागितलं आहे का? त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेला कागद मागा. तो नसेल तर फोनवर त्यांच्याशीच बोला.

बॅग

कमी न्या. कळण्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, थोडा काळा मसाला, एवढं पुरतं. बिया, रोपं, ताजी फळं मुळीच नको. रवांडात २००८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तिथे जाणार असाल तर आईने पदार्थ कॅरीबॅगमध्ये बांधलेले नाहीत ना, ते बघा. कापडी पिशवी किंवा डबा द्यायला सांगा. युगांडात तीन चौकोनी पायांचा इंग्रजी पद्धतीचा प्लग लागतो, त्याचं अडॅप्टर मुंबईतच घ्या. आपलं यूपीआय तिथे रोजच्या वापराला उपयोगी नाही. युगांडात बरेचसे पैसे मोबाइलच्या खात्यातून देतात, सिमकार्ड पासपोर्टवर मिळतं. डॉलर नेणार असाल तर नव्या, कोऱ्या, मोठ्या रकमेच्या नोटा न्या. जुन्या किंवा दुमडलेल्या नोटेला कमी भाव देतात, कधी घेतच नाहीत.

पहिला आठवडा

पहिल्या आठवड्यात काहीही बनवू नका. माझ्या अनुभवातलं सगळ्यात महाग शिक्षण हेच.

मला पश्चिम युगांडात केळी उत्पादकांच्या एका सोसायटीची नोंदवही संगणकावर आणून द्यायची होती. केळीचं काम आणि मी चोपड्याची, त्यामुळे मला वाटलं हे तर आपल्या हातचं. विमानातच तक्ता बनवून टाकला. पहिला रकाना शेतकऱ्याचं नाव, दुसरा वजन किलोमध्ये, तिसरा भाव.

तिसऱ्या दिवशी माल घेताना बघितला. नोंदी ठेवणाऱ्या बाई आवारात उभ्या होत्या. सायकलच्या दोन्ही बाजूंना घड बांधून एक म्हातारे शेतकरी आले. बाईंनी घडाच्या दांड्याखाली हात घातला, जरा उचलून बघितला, अंगठ्याने एका केळाची धार चाचपली आणि आकडा सांगितला. म्हाताऱ्यांनी मान हलवली, वरचा आकडा सांगितला. दोघंही हसले आणि मधला आकडा वहीत गेला. मी विचारलं, काटा कुठे आहे? आवारात काटाच नव्हता. तिथे मातोके म्हणजे भाजीची हिरवी केळी घडावर विकली जाते, वजनावर नाही. आपल्याकडे भाव क्विंटलला निघतो, म्हणून जगभर तसंच असणार असं मी धरून चालले होते.

बाईंनी माझा तक्ता बघितला. काही बोलल्या नाहीत. फक्त विचारलं, “हा किलोचा रकाना मी कशाने भरू?”

त्या रात्री मी तक्ता पुसला. पुढचे चार दिवस त्यांच्या शेजारी बसून त्या काय लिहितात ते पाहिलं. मोठा, मधला आणि लहान घड अशा तीन खुणा त्यांच्या वहीत आधीपासून होत्या, मी फक्त त्या रकान्यांत आणल्या. दुपारी वीज जायची, म्हणून मूळ नोंद २०० पानी वहीतच ठेवली आणि आठवड्याची बेरीज तेवढी मोबाइलवर. माझं कौशल्य यात फार थोडं लागलं, पण ते काम चाललं.

कामाचं बोलण्याआधी नमस्कार-चमत्कार पुरते होऊ द्या. तिकडे “अगांदी?” म्हणजे कसं काय, उत्तर “नि मारुंगी,” बरं आहे. मग घरचे, मग पाऊस, मग पीक, आणि त्यानंतर काम. आपल्या ओट्यावरही तसंच असतं, त्यामुळे तुम्हाला जड जाणार नाही. गटातले काही जण घाईघाईने मुद्द्यावर यायचे आणि समोरचा गप्प व्हायचा.

वेळेचा घोळ मात्र सांभाळा. तिथल्या भाषांत दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणजे सकाळचे सात म्हणजे एक वाजला. मला “दोन वाजता बैठक” असं कळलं आणि मी जेवून दुपारी गेले. बैठक सकाळी आठलाच उरकली होती. तेव्हापासून मी प्रत्येक वेळेपुढे “सकाळचे की दुपारचे?” असं विचारायला लागले.

भारतीय माणसाला तिथे “मुहिंदी” म्हणतात. १९७२ मध्ये इदी अमीनच्या सरकारने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला होता. नंतर बरेच परतले, दुकानं, कारखाने पुन्हा उभे राहिले. म्हणून तुमच्याकडे बघताना लोकांच्या मनात दुकानदार असतो, मालक असतो, जुन्या आठवणीही असतात. हे मनाला लावून घेऊ नका, पण माहीत असू द्या. मजुराशी, ड्रायव्हरशी कसं बोलता याकडे लोक बारकाईने बघतात.

आणि फोटो. लहान मुलांना जवळ घेऊन काढलेले फोटो टाकू नका. आपल्या पाड्यावरच्या लेकरांचे असे फोटो कोणी टाकले तर आपल्याला कसं वाटतं, तेवढं आठवा.

जेवणाची काळजी नको. मातोके केळीच्या पानांत गुंडाळून वाफवतात, कुस्करतात आणि त्यावर शेंगदाण्याचा दाट रस्सा घालतात. मी पहिल्याच दिवशी दोनदा वाढून घेतलं. रस्त्यावर चपातीत ऑम्लेट गुंडाळून देतात, त्याला रोलेक्स म्हणतात.

शेवटचा आठवडा

निरोपसमारंभाच्या आधी पाच दिवस कामाला हात लावणं बंद करा. सगळं तिथल्या माणसाने करायचं, तुम्ही फक्त बाजूला बसायचं. जिथे ते अडतील तिथे तुमचं काम कच्चं आहे. आमच्या बाई आठवड्याची बेरीज मोबाइलवर घेताना दोनदा अडल्या, तेव्हा कळलं की मी बटणांना दिलेली नावं त्यांच्या रोजच्या शब्दांत नव्हती. ती बदलली. सूचना एका पानात लिहा, त्यांच्या भाषेत लिहून घ्या आणि पान वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवा. शंभर पानी अहवाल कंपनीला हवा असेल तर तो वेगळा द्या.

परतल्यावर

परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की मी आफ्रिकेत जाऊन आलोय, मलेरिया तपासा. नाहीतर डेंग्यू-टायफॉइडमध्ये वेळ जातो आणि तिथला मलेरिया वेळ देत नाही.

कंपनीत सादरीकरण होईल, ते करा. पण पुढचे दोन-तीन महिने यजमान संस्थेला ठरलेल्या दिवशी फोन करायचं सोडू नका.

आणि शेतकऱ्यांच्या लेकरांसाठी एक खास सूचना. युगांडात २००१ पासून केळीवर जिवाणूजन्य मर रोग आहे. तो कोयत्यावरून, किड्यांवरून एका झाडातून दुसऱ्यात जातो, म्हणून तिथले शेतकरी कोयता विस्तवावर धरून मगच पुढच्या झाडाला लावतात आणि केळफूल कापत नाहीत, दुबेळक्या काठीने मोडून पाडतात. मातीतून पसरणारे केळीचे दुसरेही रोग आहेत. तिकडच्या बागेतलं पान, कंद, मूठभर मातीसुद्धा आणायची नाही. ज्या बुटांनी तिथल्या बागेत फिरलात ते निघण्याआधी घासून धुवा, तळव्याच्या खाचांतली माती काडीने काढा आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा धुवा.

मी घरी पोहोचले तेव्हा बाबा बांधावर उभे होते. महिनाभराने बघत होते मला, तरी आधी पायांकडे बघितलं. “बूट धुतले का?” मी म्हटलं, “दोनदा.” त्यांनी तरीही ते काढायला लावले, बादलीत टाकले, आणि मी माझ्याच शेतात अनवाणी शिरले.